बिदरच्या वाटेवरचे ट्रॅक्टरवाले

उसाचे ट्रॅक्टर चालवणारी पोरं म्हणजे रस्त्याला लागलेली कीड, असं मी कोणाच्याही तोंडावर बोलायचो. दोन-दोन ट्रॉल्या जोडायच्या, गाणी मोठ्यानं लावायची, मागं कोण बोंबलायलंय ते बघायचं न्हाई. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण एकदा बोललो की शब्द फिरवत न्हाई मी. हा एक फिरवला.

गेल्या हंगामात दुबलगुंडीच्या रानात म्हशीसाठी उसाचे वाढे गोळा करताना बायकोला घोणस डसली. बघता बघता पाय सुजला. सापाच्या विषावरची लस बिदरलाच मिळणार. पुतण्यानं जीप काढली. कारखान्याच्या रस्त्याला लागलो तर डाव्या अंगाला भरलेल्या ट्रॅक्टरची रांग, समोरून रिकामे परत यायलेले. गाण्यांपुढं हॉर्न कोणाला ऐकू येतो?

मी डोक्याचा पांढरा पटका सोडून खिडकीतून फडकवायला लागलो. उघड्या डोक्यानं मी कधी रस्त्यावर निघालो न्हाई. आमच्याकडं म्हातारा माणूस तसा दिसला की घरातलं कोणीतरी गेलं, असंच समजतात. समोरच्या पोरानं तेच समजलं. गाणं बंद केलं, भर रस्त्यात ट्रॅक्टर उभा केला आणि उतरून हात जोडले. त्याचं बघून सगळेच थांबले. होती तेवढीही वाट बंद.

जवळ येऊन हळूच विचारतो, "अप्पा, माती कुठं हाय?"

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मागच्या सीटवरून बायको बोलली, "माजी माती कराय निघालास व्हय रे? मला साप चावलाय. सरक की बाजूला."

पोरगं पळालंच. ट्रॅक्टर सरळ कडेच्या रानात घातला आणि फोनवर कानडीत पुढच्याला सांगितलं. त्यानं त्याच्या पुढच्याला. आम्ही पोचायच्या आधीच वाट मोकळी होत गेली. भरलेली ट्रॉली भुसभुशीत कडेला नेली की उलटते, हे लहान लेकरालाही ठाऊक हाय. तरी त्यांनी चाकं खाली उतरवली. फाट्यावर एकानं तर आडवा ट्रॅक्टर लावून दुसऱ्या बाजूच्या गाड्या अडवून धरल्या होत्या. आम्ही जाताना नुसता हात हलवला त्यानं.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

संध्याकाळी पुतण्याचा फोन वाजायचा थांबंना. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. कोणी मराठीत, कोणी कानडीत, एकजण दखनीत, विचारणं एकच, अक्का कशी हाय? फोन मी पुतण्याला दिलाच न्हाई. दवाखान्याच्या पायरीवर बसून एकेकाला मीच सांगितलं, लस लागू पडली, बाबा. चहा मागायलीय.