आम्ही रोज बसतो

आई, एसटी सुटायच्या आधी तू खिडकीतून चटणीचा डबा आत दिलास आणि माझा हात धरून म्हणालीस, "भावानं बघितलेलं स्थळ हाय. भाऊ बहिणीचं वाईट करंल व्हय?" हे माझ्या शेजारी नव्या शर्टात अवघडून बसले होते. दादा खाली उभा होता. तो भाईंदरला ह्यांच्याबरोबर एकाच गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचा. मला बघायला आले त्या दिवशी तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मी ओळखतो ना त्याला. रोज संध्याकाळी आम्ही एकत्र बसतो." मला ते फार आवडलं होतं. दिवस मावळला की आपल्याकडे माणसं पारावर बसतात, तसंच काहीतरी मी डोळ्यांपुढे आणलं होतं.

बसण्याचा दुसरा अर्थ मला इथे येऊन कळला. नळावर शेजारची वहिनी म्हणाली, "तुमचे आज पण बसलेत वाटतं." मी म्हटलं, नाही ओ, अजून कामावरून आले नाहीत. सगळ्या हसल्या. थोड्या वेळानं ह्यांना दोघांनी धरून आणलं, तेव्हा मला ते हसू समजलं.

तरी मी धरून चालले, की दारू लग्नानंतर लागली. आधीची असती तर दादाला कळलं असतं, तुला कळलं असतं. म्हणजे मी आल्यावरच काहीतरी बिघडलं. फोनवर रडले तेव्हा तू म्हणालीस, "बाईनं घर धरून ऱ्हायला पायजे. तुझंच लक्ष न्हाय." ते मी खरं मानलं. ह्यांना आवडतं म्हणून तिखट कमी केलं, तोंडाला कुलूप लावलं. दादा पुढे गावी परत गेला, माळ घातली, लोक त्याला बुवा म्हणायला लागले. मी इथे राहिले.

माझ्याबरोबर कपड्यांचे धागे कापणारी जसुबेन एक दिवस म्हणाली, "भाभी, मोरवा साइडला स्कूलमध्ये दारू सोडनेवालों की मीटिंग होती है. संडे को जा." मी गेले. गेटवरच्या वॉचमनला काय विचारावं ते सुचेना. त्यानंच ओळखलं. "दारूवाले? ऊपर बैठे हैं." मी तशीच मागे फिरले. बसलेल्या माणसांकडे मी कशाला जाऊ? आमच्या घरी एक बसलेला होताच. जसुबेन पोट धरून हसली. "अरे भोळी, चाय लेके बैठते हैं!"

पुढच्या रविवारी दारातून डोकावले. मोठाले पुरुष लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, हातात चहाचे कप. भिंतीवर चौथीच्या मुलांनी काढलेली चित्रं. माझी शाळा चौथीलाच सुटली होती, त्यामुळे तो वर्ग जरा ओळखीचा वाटला. एक वयस्कर बाई म्हणाल्या, "या ताई. आडनाव नको, नुसतं नाव सांगा. आणि इथे ऐकलेलं इथेच ठेवून जायचं."

ह्यांना तिथे यायला फार काळ लागला. दोनदा हे गेटवरून परतले. पण शेवटी आले आणि टिकले. मग घरच्यांनीही आत बसायचं असा पहिला रविवार आला. हे उठले. नाव सांगितलं, दारुडा आहे म्हणाले, आणि खाली बघत बोलू लागले. "लग्नाच्या आधीपासून पितो. मेव्हणाच बरोबर असायचा. सासूबाईंना त्यानं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, लगीन झालं की सुटंल, पोरीला नका सांगू."

आई, मी शेवटच्या बाकावर होते. पुढच्या कुणाला काय वाटलं माहीत नाही, मला तुझा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. ह्यांनी मला फसवलं याचा राग मी करू शकते. ते परके होते, आणि निदान उभं राहून बोलले. तुमचं काय करू?

पण ऐकलेलं तिथेच ठेवायचं होतं. मी ठेवलं. ह्यांनाही घरी काही विचारलं नाही. मग परवा तुझा फोन आला. जत्रेला दोघं या म्हणालीस. खूश होतीस. "बघ, सुटली का न्हाय? मी तवाच म्हनलं हुतं, सुटंल."

आयुष्यात पहिल्यांदा मी तुला उलटं विचारलं. "तवा म्हणजे कवा, आई?"

तुझ्यामागे दादा कुणाशी तरी बोलत होता. मग म्हणालीस, "भाकर करपाय लागली. ठेवते."

मी जत्रेला येणार नाही. माहेर म्हणजे जिथे आपल्यापासून काही लपवत नाहीत, असं मला वाटायचं. तसं घर मला त्या वर्गात मिळालं, जिथे माझं आडनावसुद्धा कुणाला माहीत नाही. ह्यांचं उद्या काय होईल ते मी सांगू शकत नाही. तिथे कुणीच सांगत नाही, फक्त आजचं बोलतात.

काल नळावर शेजारच्या नव्या सुनेनं विचारलं, "काकी, रविवारी दोघं कुठे जाता हो?" मी मान खाली न घालता सांगितलं, "बसायला."