उंबऱ्यावर विचारायचे प्रश्न

आमचं घर तुळजापुरातल्या पुजाऱ्यांचं आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की आज पंगतीला किती पानं लागणार हे घरातल्या कुणालाही निश्चित ठाऊक नसतं. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली यजमान घराणी देवीच्या दर्शनाला येतात, ती लॉजवर न जाता आमच्या माडीवर उतरतात; त्यांचा अभिषेक, ओटी आणि पुरणाचा नैवेद्य आमच्याकडून होतो. इतरांना या व्यवस्थेत श्रद्धा दिसते. मला लहानपणापासून पुनरुक्ती दिसत आली.

यजमान गाडीतून उतरले, की अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरूनच विचारतात, "या, या. किती जण आलाव?" यजमान सांगतात. ते चपला काढून आत आले, की काका तेच विचारतात. हातपाय धुऊन होतात न होतात तोच पुरण किती शिजवायचं या काळजीने आई स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि तेच विचारते. सरतेशेवटी पानं मांडायला आलेली काकू तेच विचारते, आणि जाता जाता एक नवा प्रश्न टाकते, "उपासाचं कुणी हाय का?"

तेव्हा कळतं, की दोघांना मंगळवारचा उपास आहे. साबुदाणा भिजायला वेळ लागतो हे विज्ञान झालं. तो भिजवायचा की नाही हे सगळ्यात शेवटी विचारायचं, ही आमची परंपरा. मग ऐनवेळी भगरीवर भागवलं जातं आणि काकू म्हणते, "आधी सांगाव न्हाय का?"

एकदा मी आईला म्हणाले, "अण्णांनी दारातच विचारलं होतं ना? मग त्यांनाच विचार की."

"ते काय जाग्यावर असतेत व्हय?" आई म्हणाली. "आन् यजमान समोर उभं असताना मी दुसऱ्याला कशाला इचारू?"

हेच वाक्य पुढे मला पुण्याच्या कार्यालयातून, बरंच सुसंस्कृत होऊन, ऐकायला मिळणार होतं.

माझं शिक्षण भौतिकशास्त्राचं. नोकरी वेब-अॅप्लिकेशन लिहिण्याची. पुण्यातली एक कंपनी लहान दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते आणि मी माडीवरच्या मागच्या खोलीत बसून तिचं काम करते. आमच्या सॉफ्टवेअरचं मुख्य पान रुग्णाचं. स्वागतकक्षातल्या बाईंनी ते उघडलं, की चार चौकटी दिसतात: रुग्णाचं नाव-वय, पुढची भेट, चालू औषधं आणि जुने रिपोर्ट. अशा प्रत्येक चौकटीला आमच्या धंद्यात कॉम्पोनंट म्हणतात. कॉम्पोनंट म्हणजे स्वतःपुरता पूर्ण असलेला तुकडा, इथून उचलून तिथे बसवता येणारा. आमच्या गटातल्या ज्येष्ठ सरांचा सिद्धांत असा, की प्रत्येक कॉम्पोनंटने आपल्याला लागणारी माहिती सर्व्हरकडून स्वतःच आणावी. कुणाच्या भरवशावर राहू नये.

पुण्यात या सिद्धांताला तडा जाण्याचं कारण नव्हतं. तिथे पान क्षणात उघडे. परंड्याच्या एका दवाखान्यात मात्र ते उघडताना पडद्यावर गोल फिरत राही, रुग्ण काउंटरवर कोपर टेकून उभा राही आणि बाई आम्हाला फोन करत, "सर, हे नुसतं गरगर फिरायलंय." सरांच्या मते दोष परंड्याच्या नेटवर्कचा होता. तुळजापुरातही तेच होतं असं मी कळवलं, तेव्हा दोष तुळजापूरच्या नेटवर्कचा ठरला. ज्या सिद्धांतात चूक नेहमी दुसऱ्याच्या गावाची असते, तो खोटा ठरवणं फार अवघड असतं.

नेमक्या त्याच सुमारास कंपनीच्या मालकांनी हे पान दवाखानेवाल्यांना दाखवायचं ठरवलं. त्यासाठी महिन्याभरानंतरचा एक मंगळवार निवडला गेला. या कामाचा प्रमुख कोण, हेही त्या बैठकीत ठरणार होतं. माझं नाव चर्चेत होतं; सरांनी त्याला फक्त एक अट जोडली होती.

"प्रमुखानं पुण्यात असायला हवं," ते म्हणाले. "जिथं सगळं नीट चालतं तिथं."

मला ते प्रमुखपद हवं होतं आणि ते याच खोलीत बसून हवं होतं. यात घरच्या ओढीचा भाग थोडा. पुण्याला गेल्याशिवाय माणूस मोठा होत नाही, हे समीकरण मला आजवर कुणी मांडून दाखवलेलं नव्हतं, आणि सिद्धतेशिवाय बिऱ्हाड हलवण्याची माझी तयारी नव्हती. आता पान तुळजापुरात चाललं तर पद माझं. अडलं तर एकतर मी पुण्यात, नाहीतर पद दुसऱ्या कुणाचं तरी.

मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या गावात सोलापूरकडून इतक्या गाड्या येतात, की मोबाइलचा टॉवर जवळजवळ निकामी होतो. घरातले सगळे यावर चडफडतात. मी पहिल्यांदाच त्याकडे प्रयोगशाळा म्हणून पाहिलं. एका मंगळवारी मी आमचं पान उघडलं आणि कोणती माहिती केव्हा मागितली आणि केव्हा आली, हे ब्राउझर ज्या आलेखात दाखवतो तो समोर ठेवला. सर्व्हरकडच्या प्रत्येक फेरीची एक आडवी पट्टी असते. सगळ्या पट्ट्या एकाखाली एक, थोड्या थोड्या उजवीकडे सरकत गेलेल्या होत्या. पायऱ्याच त्या; आपण देवळात उतरतो तशा.

पहिली चौकट सर्व्हरकडे जाऊन रुग्ण कोण हे विचारत होती. तिला उत्तर मिळेपर्यंत दुसरी चौकट पडद्यावर जन्मालाच येत नव्हती; आल्यावर तीही आधी रुग्ण कोण हेच विचारत होती आणि मगच भेटीची तारीख. औषधांची तीच गत. रिपोर्ट सर्व्हरवरून यायला सर्वांत जास्त वेळ लागे, आणि त्यांचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जात होता.

खाली काकू कुणाला तरी विचारत होती, "उपासाचं कुणी हाय का?"

मी सरांना आलेख दाखवला.

"अगं, तुमच्याकडं मंगळवारी रेंजच नसते, त्यात कोडचा काय दोष?"

"रेंज कमी आहे म्हणूनच दिसतंय, सर. आपण तेच चार वेळा विचारतोय, आणि तेही एकाचं झाल्यावर दुसऱ्यानं."

"कॉम्पोनंट स्वतंत्र नको का? सर्व्हर समोर असताना त्यानं दुसऱ्याला का विचारावं? उद्या तो दुसऱ्या पानावर बसवायचा झाला, तर माहिती कोण देणार?"

आईचा मुद्दा बिनतोड आहे असं मला त्या क्षणी वाटलं. तो इतक्या दूरवर मान्यता पावला होता. पण सरांचा शेवटचा प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं होतं. मी दिलं. आपल्याला काय लागतं एवढं प्रत्येक चौकटीने स्वतःजवळ लिहून ठेवावं. आणायला मात्र तिने जाऊ नये. पान उघडताना, उंबऱ्यावरच, सगळ्यांच्या गरजा वाचाव्यात आणि सगळे प्रश्न एकदम पाठवावेत. दोघींचा प्रश्न एकच असेल तर तो एकदाच जावा आणि उत्तर दोघींना मिळावं. चौकट दुसऱ्या पानावर गेली, तर तिची गरज तिच्यासोबत जाईल.

"करून बघ," सर म्हणाले. त्यांच्या स्वरात परवानगी कमी होती आणि कुतूहल तर मुळीच नव्हतं.

मी केलं, आणि पहिल्या खेपेला जरा जास्तच केलं. सगळी उत्तरं हाती आल्याशिवाय काही दाखवायचं नाही, अशी शिस्त लावली. परिणामी रिपोर्ट पोहोचेपर्यंत पान कोरंकरकरीत राहिलं. परंड्याच्या बाईंना ते एका दिवसाच्या चाचणीसाठी दिलं होतं, त्यांचा फोन आला, "मॅडम, आधी निदान फिरत तरी होतं." मग मी सुधारणा केली. प्रश्न सगळे एकदम जातील. पण नाव आणि भेट आली की पान उघडेल, रिपोर्टांची जागा राखलेली असेल, आणि ते सवडीने आपल्या जागी येऊन बसतील.

तत्त्व सिद्ध झालं, की ते सगळीकडे लावून पाहण्याचा मोह होतो. पुढच्या शुक्रवारी अक्कलकोटकडचे एक यजमान येणार होते. मी घरात जाहीर केलं, की दारात एकटी मी विचारेन. बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. जीप थांबली. किती जण, उपास कुणाला, माडीचा जिना कुणाला चढवणार नाही, असं सगळं मी उंबऱ्यावरच विचारून घेतलं आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. साबुदाणा वेळेवर भिजला. पुरण ना उरलं, ना कमी पडलं. गुडघे दुखणाऱ्या आजींची गादी खालच्या खोलीत आधीच घातली गेली. घरात अशी शांतता होती, जशी एखाद्या सुव्यवस्थित संस्थेत असते.

जेवण झाल्यावर त्या आजींनी आईला हळूच जवळ बोलावलं. त्या कानडी वळणाचं मराठी बोलत.

"काय चुकलं का ओ आमचं?"

"का ओ आजी?"

"या खेपेला कुणी काय इचारलंच न्हाय आमाला. ही पोरगी इचारली तेवढंच. सायबासारखी."

आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं मोजमाप करणारं उपकरण अजून निघायचं आहे. तिने पदर सावरला, आजींच्या शेजारी बसकण मारली आणि विचारलं, "किती जण आलाव, आजी?" आजींनी बोटांवर मोजत एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. मग काकू आली. तिनेही विचारलं. मग काका. मग अण्णा, ज्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये हा आकडा सकाळपासून पडून होता. आजींनी प्रत्येकाला पहिल्यापासून मोजून दाखवलं आणि अण्णांच्या वेळी तर नव्या सुनेचं माहेरही सांगितलं.

मी माझ्या निष्कर्षाची व्याप्ती मर्यादित केली. सर्व्हरला चार वेळा विचारलं म्हणून त्याला आपुलकी वाटत नाही, आणि एकदाच विचारलं म्हणून तो रुसत नाही. माझा उपाय सर्व्हरपुरता बरोबर होता.

बैठकीच्या मंगळवारी रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. कॉलपुरतं शेजारच्या लॉजचं वायफाय मागून घेऊन मी व्हिडिओवरून बैठकीला हजर होते. सरांनी सुचवलं, की प्रात्यक्षिक पुण्यातूनच व्हावं, उगाच धोका नको. मी म्हणाले, ते माझ्या खोलीतून आणि माझ्या मोबाइलच्या नेटवर्कवरच होईल. मालक ऐकत होते. ते म्हणाले, बघू या.

मी कॅमेऱ्यासमोर एका फोनवर जुनं पान उघडलं. ते फिरू लागलं. कुणी तरी घसा साफ केला. ते फिरत असतानाच शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या फोनवर नवं पान उघडलं. नाव आलं, भेट आली, औषधं आली. थोड्या वेळाने रिपोर्टही आपल्या जागी येऊन बसले. पहिला फोन तेव्हा दुसऱ्या चौकटीवर होता. परंड्याच्या दवाखान्याचे डॉक्टरही बैठकीत होते, त्यांनी एवढंच विचारलं, "हे आम्हाला कधी मिळणार?"

मालक म्हणाले, "ठरलं. प्रमुख हीच. आणि तिला तिथंच राहू द्या."

माझ्या विश्लेषणाचा हा विजय मी पूर्ण उपभोगायच्या आत त्यांनी वाक्य पुरं केलं, "इतकं वाईट नेटवर्क आपल्याला दुसरीकडं कुठं मिळणार?"

सगळे हसले. सर सर्वांत मोकळेपणाने हसले. दोष शेवटी तुळजापूरच्या नेटवर्कचाच होता, फक्त आता त्याला पगार मिळणार होता.

तेव्हापासून आमचं कुठलंही नवं पान दवाखान्यांना जाण्याआधी माझ्या खोलीत मंगळवारी तपासलं जातं. सकाळी पुण्याहून फोन येतो, "मॅडम, आज गर्दी आहे का?" मी सांगते. थोड्या वेळाने दुसऱ्याचा येतो, मग तिसरीचा, आणि शेवटी सरांचा. हे सगळे एका टेबलाभोवती बसतात. गर्दीची माहिती मी सकाळीच ग्रुपवर टाकते, ती तिथे पडून असते.

गेल्या मंगळवारी सरांचा फोन ठेवला तेव्हा आई भिजवलेला साबुदाणा निथळवत जिन्याखाली उभी होती.

"सारखं कोण गं?"

"ऑफिसातले. गर्दी आहे का म्हणून विचारतात. सगळ्यांना सांगून झालंय, तरी."

"चांगली मान्सं दिसतेत," आई म्हणाली. "इचारतेत तरी."

फोन पुन्हा वाजला; या खेपेला मालक होते. मी खिडकीशी गेले, खालच्या रस्त्याकडे नीट पाहिलं आणि पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगितलं, की हो, आज लई गर्दी आहे.