लंकाबाईंनी द्वारका सोडली

लंकाबाई मखमलाबादच्या. घरची अर्धा एकर शेवंती आणि झेंडू. नवरा कोंडाजी पिकवायचे, बाई नाशिकच्या द्वारका चौकात बसून हार विकायच्या. कोंडाजी वारले, लेक शुभांगी लग्न होऊन पुण्याला गेली. मग बाईंनी शेत वाट्याने दिलं, पण चौकातली जागा सोडली नाही. घरात दिवसभर कुणाचा शब्द कानावर पडत नसे. चौकात सकाळपासून 'मावशी, मावशी' चालायचं. रिक्षावाला गोटीराम रोज पहिला हार त्यांच्याकडून घ्यायचा, चहा पाजायचा, बायकोची गाऱ्हाणी सांगायचा.

थंडीत गाड्यांचा धूर खालीच साचून राहायचा. बाईंच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायचं, आग व्हायची, पाणी सारखं गळायचं.

"मावशी, किती रडाल? गेलेलं माणूस परत येतं का?" गोटीराम एकदा म्हणाला.

"रडत नाय रं. धूर हाय हा."

त्याला ते पटलं नाही. बाईंनीही पुढे सांगणं सोडून दिलं. रडतेय असं समजून लोक दोन मिनिटं जास्त थांबायचे, तेवढंच बरं वाटायचं.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने थेंबांची बाटली दिली. दोन दिवसांत लाली गेली. बाटली संपली की बाई तीच नवी आणायच्या, अशी दोन वर्षं गेली. मग एका दुपारी रस्ता ओलांडताना उजवीकडून आलेली मोटरसायकल त्यांना दिसलीच नाही. लागलं नाही फार, पण पाटी उपडी झाली आणि शेवंती चाकांखाली गेली.

पंचवटीतल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले. "आजी, डोळे कोरडे पडलेत तुमचे."

"कोरडे? दिवसभर धार लागती, बाई!"

"म्हणूनच. धूर आणि धुळीने डोळ्यावरचा ओलावा टिकत नाही. मग डोळा चुरचुरतो आणि भसकन पाणी सोडतो." त्यांनी बाटली उजेडात धरून वाचली. "ही कुणी दिली? याने तात्पुरतं बरं वाटतं, पण डोळ्यातलं प्रेशर वाढतं. कडेची नजर गेलीय, ती परत येणार नाही. उरलेली सांभाळू. आणि रस्त्यावर बसणं बंद."

"मग बसू कुठं?"

डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहीत होत्या. त्यांनी ऐकलं नसावं.

पौषात लंकाबाई गावातल्या दत्ताच्या देवळासमोर बसू लागल्या. नव्या औषधाने आग थांबली, लाली गेली. गिऱ्हाईक मात्र गुरुवार सोडला तर पाच-सहा. लोक हार उचलायचे, पायरी चढायचे, दुसऱ्या दाराने निघून जायचे.

फाल्गुनात एकदा न राहवून त्या बसने द्वारकेला गेल्या. त्यांच्या जागेवर एक तरणी बाई हार ओवत बसली होती. गोटीरामने ओळखलं.

"मावशी? आम्हाला वाटलं तुम्ही..." तो अडखळला. "पुण्याला गेल्या, पोरीकडं."

"इथंच हाय की. मखमलाबादला."

"डोळे मस्त झाले तुमचे! दुःख हलकं झालं म्हणायचं."

त्याने चहा मागवला. दोन घोट होतात तोच नाशिक रोडची सवारी आली आणि तो "बसा हां, आलोच" म्हणत रिक्षा काढून गेला. बाई बसल्या. डोळे चुरचुरायला लागले, तरी अर्धा तास बसल्या. नव्या फुलवालीने दोनदा वर पाहिलं आणि पुन्हा हार ओवू लागली. मग त्यांनी परतीची बस धरली.

दुसऱ्या दिवसापासून देवळापाशी कुणी हार घ्यायला आलं की लंकाबाई आधी नाव विचारू लागल्या. लोक सांगायचे आणि निघून जायचे.

एक पोस्टातले गृहस्थ मात्र थांबले. म्हणाले, "का हो, कशाला हवं?"

"काय नाय," बाई म्हणाल्या, "हाक मारायला."

त्यांनी नाव सांगितलं. पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी आले.