पिठाला सुटलेला वास

शी! आजही त्या बेकरीची आठवण झाली की तोंडातला घास तोंडातच फिरतो.

सासूबाईंचे सगळे दात काढले होते. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. हिरड्या सुजलेल्या, भाकरी गिळवत नव्हती आणि दुधातला कुस्करा पुढं केला की म्हणायच्या, "मी काय तान्हं पोर हाय व्हय?" बाई दिवसेंदिवस वाळत चालली. डॉक्टर म्हणाले, पाव द्या. पण पाव म्हटलं की आत्यांचं तोंड वाकडं. "त्येचं पीठ पायानं तुडवत्यात. मी न्हाई खायाची."

असल्या खुळचट समजुतींचा मला भारी संताप. म्हटलं, थांबा, स्वतःच्या डोळ्यांनी बघून येते आणि यांचं तोंड बंद करते. चिखलीत आमच्या गल्लीमागं वर्कशॉपच्या रांगेत एक बेकरी आहे, तिच्यात सरळ आत शिरले. पीठ मळायला चांगलं मशीन होतं. जिंकलेच की मी! तेवढ्यात एक बाप्या बंद पडलेला पंखा हलवायला टेबलावर चढला, चपलेसकट, आणि त्याच टेबलावर पिठाचे गोळे मांडलेले. वर उभ्या उभ्या बगल खाजवली ती वेगळीच. तशीच बाहेर पडले. घरी येता येता ठरवलं, आत्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही आणि पाव घरीच करायचा.

पहिला पाव असा झाला की गल्लीतल्या कुत्र्यानंही हुंगून सोडला. दुसरा आतून कच्चाच. मीही हट्टाला पेटले. पुढच्या खेपेला मळतानाच हाताला कळलं, गोळा मऊसूत, ताणावा तसा ताणतोय. बघता बघता पातेलं भरून वर आला. इतका आनंद झाला म्हणून सांगू! कौतुकानं पातेलं आत्यांच्या नाकाशी नेलं.

त्यांनी ते झटक्यात ढकललं. "कोन पिऊन आलंय?"

यीस्टचा आंबूस वास, दुसरं काय. जमिनी विकल्या तेव्हा सासऱ्यांनी बाटली जवळ केली ती मरेपर्यंत. त्यांच्या ओकाऱ्या काढायच्या, अंथरुणं धुवायची आणि वर मारही खायचा, सगळं या बाईनं केलं. आत्या भिंतीकडं तोंड करून निजल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मसणात गेला तरी हिच्या तोंडचा घास काढतोच आहे मेला! रागारागानं गोळा भांड्यात घातला आणि ओव्हनमध्ये ढकलला.

पाव भाजत आला तसा घरभर खमंग वास सुटला. मागं वळून बघते तर दारात आत्या उभ्या. मी पाव मोडला आणि मधला लुसलुशीत तुकडा निववून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो नाकाशी नेला, पुन्हा नेला.

"मघाचा वास कुटं गेला गं?"

"भाजल्यावर जातो, आत्या."

त्या सावकाश चघळू लागल्या, दुधाबिधाशिवाय. तुकडा संपवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढं करत म्हणाल्या, "व्हय. त्येचाबी जाळल्यावरच गेला."