आरची शेपटी

जेवण झाल्यावर टेबलावर डोकं टेकते, दहाच मिनिटं म्हणून. पाचला फाइल पाठवायची आहे. नव्या इंग्रजी टाइपफेसची सव्वीस नक्षीदार मोठी अक्षरं, एकेकाला लांब वळणदार शेपटी. डिझायनरच्या रकान्यात नाव माझं, मृणाल राजाध्यक्ष. डोळे मिटतात.

पंख्याची घरघर छापखान्यातल्या यंत्राची होते आणि समोर कोरगावकरकाका उभे. छपाईचे शिशाचे खिळे घडवण्यात त्यांचा जन्म गेला. मला अक्षर त्यांनीच शिकवलं. गेल्या चैत्रात वारले.

"काय गो, हे कोणाचं?" कागद माझ्या तोंडावर फेकतात.

"माझं."

फाडकन थोबाडीत बसते. जिवंतपणी पट्टीनं बोटं फोडायचे, पण थोबाडीत कधी मारली नव्हती.

"शेपटी खिळ्याच्या अंगाबाहेर काढलीस. पहिल्या दाबाला मोडेल."

"कॉम्प्युटरवर काही मोडत नाही, काका."

"म्हणून शेजारच्या कुठल्याही अक्षराच्या अंगावर घालायची?"

आता आम्ही माझ्या स्वयंपाकघरात आहोत. ते आर अक्षर विळीवर धरतात आणि शेपटी कचकन कापतात. आर किंचाळतो. ओटा रक्तानं भरतो. क्यूची शेपटी माझ्या गळ्याभोवती आवळत जाते.

"खरं बोल, सुटशील."

"तुमच्या वहीतली आहेत," मी घुसमटत म्हणते. "काकूंनी रद्दीत काढली होती. सव्वीसच्या सव्वीस तुमची."

गळा सुटतो. लाज वाटायला हवी, पण मला संतापच येतो. ओट्यावर त्यांची हातोडी आहे. मी ती उचलून त्यांच्या उजव्या हातावर घालते, पुन्हा घालते, बोटांचा चेंदा होईपर्यंत.

"मेलात ना तुम्ही? मग नाव कशाला हवं?"

काका हाताकडे बघतात.

"मेल्यावरच लागतं गो," ते म्हणतात.

पावणेपाच. मी टेबलावरच आहे, गालाखाली काकांनी दिलेला आरचा खिळा. कागदांवर वजन म्हणून ठेवते तो. रकान्यातलं माझं नाव खोडते आणि लिहिते: दत्ताराम कोरगावकर. फाइल जाते.

गाल ठणकतो म्हणून आरशासमोर जाते. गालावर आर उमटलाय, आरशात उलटा. चाळीस वर्षं टिकलेल्या त्या खिळ्याची शेपटी मोडली आहे. गालात रुतलेला शिशाचा तुकडा मी नखानं काढते आणि रक्त येतं.