डावीकडे बसणारे सर

"तुमचं बरोबर आहे, मॅडम. आता ब्रेक मारा."

सर हे वाक्य इतक्या शांतपणे म्हणायचे, की आपलं बरोबर आहे म्हणून खूश व्हावं की ब्रेक मारावा, हेच कळायचं नाही. त्या विचारात अर्धा सेकंद गेला की त्यांचाच पाय ब्रेकवर पडलेला असायचा. मोटार शिकवण्याच्या गाडीत डावीकडेही ब्रेक आणि क्लच असतो, तुम्हाला माहीत असेलच. स्टिअरिंग आपल्या हातात आणि सगळ्यांचा जीव सरांच्या पायात.

मुंबईत असल्फ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा क्लास होता. माणूस मालवणकडचा, साठीच्या जवळपास, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात कंगवा. डोक्यावर विंचरण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं, तरी कंगवा असायचाच. मी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसलेलं कधीही पाहिलं नाही. कायम डावीकडे.

विद्यार्थी तयार झाला की सर शाबासकी वगैरे द्यायचे नाहीत. चालत्या गाडीत सँडल काढायचे, पाय वर घ्यायचे आणि सीटवर मस्त मांडी घालून बसायचे. याचा अर्थ, आता खाली ब्रेकवर कोणी नाही, तुझं तू बघ. गल्लीतल्या बायका एकमेकींना विचारायच्या, "मांडी मिळाली का गं?" आमच्या तळमजल्यावरच्या सुनेला बाराव्या दिवशी मिळाली. तिने पेढे वाटले, आणि मेली मलाच दोन जास्त देऊन गेली.

कारण मला ती मांडी कधीच मिळाली नाही.

मी त्याच गल्लीत पोळीभाजी केंद्र चालवते. सर रोज दुपारी चार पोळ्या आणि सुकी भाजी न्यायचे, तेवढीच ओळख. मग आमच्या यांच्या किडन्यांनी राम म्हटला आणि आठवड्यातून तीनदा, मंगळवार-गुरुवार-शनिवार, अंधेरीला डायलिसिस सुरू झालं. जाताना माणूस बरा असतो हो. येताना पिळलेल्या फडक्यासारखा होतो. एका शनिवारी परतताना तीन रिक्षावाल्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मोबाइलवर बोलावलेली टॅक्सी 'दोन मिनिटांत' म्हणत वीस मिनिटं कुठेतरी गोल गोल फिरत राहिली. तेवढ्यात यांनी माझ्या खांद्यावर मान टाकली आणि फुटपाथवर खाली बसले. मेट्रो डोक्यावरून जात होती, पण तिचे जिने या माणसाला कोण चढवणार? आणि इकडे आमची स्वतःची गाडी सोसायटीत धूळ खात उभी. डॉक्टरांनी यांना चालवायला बंदी केलेली आणि मला येत नाही.

सोमवारी सर पोळ्या न्यायला आले तेव्हा मी म्हटलं, "सर, मला शिकवा. वय बावन्न आहे."

"वय आरटीओला लागतं, मला नाही," ते म्हणाले. "पण एवढी घाई कसली?"

मी सांगितलं. त्यांनी पोळ्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "उद्या सातला या."

पहिले दोन दिवस मला गाडीत बसूच दिलं नाही. साकीनाक्याच्या कोपऱ्यावर, टपरीपाशी उभं केलं, हातात कटिंग चहा दिला आणि म्हणाले, "बघा."

"काय बघू?"

"पुढचं चाक. इंडिकेटर बघू नका. दिवा लावणं माणसाच्या मर्जीवर असतं. वळायचं झालं की चाक मात्र वळतंच."

तुम्हीही या सगळ्या मंडळींना रोज बघता, पण चाकाकडे बघितलंय कधी? पाय बाहेर काढून सिग्नल देणारा रिक्षावाला. फुटपाथवरून बाइक नेणारा आणि वर चालणाऱ्यांनाच 'साइड, साइड' म्हणणारा. चारही दिवे लुकलुकत ठेवून भररस्त्यात गाडी उभी करून वडापाव आणायला जाणारा. उलट्या बाजूने येऊन आपल्याकडेच डोळे वटारणारा. सर एकेकाचं चाक बघून आधीच सांगायचे, "हा घुसणार. हा थांबणार. हा थांबल्यासारखं करून घुसणार." शंभर टक्के तसंच व्हायचं. मी चिडून एकेकाचा उद्धार करायचे. सर चहा फुंकत म्हणायचे, "तो चुकणार, हे आपल्याला आधी कळलं ना? मग राग कसला? आपण जागा सोडायची."

मला नाही हो जमत जागा सोडायला. मी मुळात तोंडाळ. माझ्या धंद्यात बाईला तोंड नसेल तर गिऱ्हाईक तिलाच गुंडाळून खाईल. माझी बाजू खरी असताना मी ब्रेक का मारायचा? "बरोबर असलेली माणसंपण हॉस्पिटलात असतात, मॅडम," सर म्हणायचे. "वॉर्डात जाऊन विचारा."

बाकी सगळं मी भराभर शिकले. क्लच कसा सोडायचा ते त्यांनी माझ्याच भाषेत सांगितलं, "गॅस मोठ्यावरून मंदावर आणता ना, तसा." गिअर आले, रिव्हर्स आला, असल्फ्याचा चढसुद्धा आला. अडलं ते हॉर्नपाशी.

मागून हॉर्न वाजला की माझ्या पाठीतून कळ जायची आणि डावा पाय क्लचवरून उडायचा. गाडी आचका देऊन बंद. मग मागचे आणखी वाजवणार, की मी आणखी घाबरणार, आणि घाबरले की माझं तोंड सुटणार. सिग्नलवर लाल दिव्याचे बारा सेकंद बाकी असताना हॉर्न वाजवणारा तो महापुरुष तुम्हाला ठाऊक असेल. एकदा साकीनाक्याला मी गाडी बंद पाडून, दार उघडून, त्याच्या टेम्पोपाशी जाऊन उभी राहिले. "काय रे, पुढे काय विमान उभं आहे का, उडून जाऊ?" म्हटलं. सगळा नाका बंद. सर डावीकडच्या खिडकीतून डोकं काढून टेम्पोवाल्याला सांगत होते, "दादा, त्यांचं बरोबर आहे. तुम्ही बाजूने निघा." आणि मला, "अगे बाय माझे, आत बस गे! हवालदार येताहा!" घाबरले की त्यांची मालवणी बाहेर पडायची. एरवी कधी नाही.

आरटीओची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले. तिथे आठाचा आकडा काढायचा असतो, मागे हॉर्न वाजवायला कोणी नसतं. लायसन्स हातात आलं, त्यानंतरच्या रविवारी शेवटचा तास होता. मी बढाई मारत घाटकोपरपर्यंत जाऊन आले आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून विचारलं, "सर, मांडी?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "हॉर्नची भीती अजून गेली नाही तुमची. खोटं कशाला बोलू?"

"मग परवा मंगळवार आहे त्याचं काय? यांना कोण नेणार?"

"तुम्हीच न्यायचं."

"असं कसं? तयार नाही म्हणता आणि वर मीच न्यायचं?"

ते दार उघडून उतरले. मला मात्र वाईट वाटलं, खरं सांगते, खूप वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मुद्दाम करपलेल्या पोळ्या बांधून दिल्या. त्यांनी त्या नेल्या आणि खाल्ल्याही असणार.

मंगळवारी यांना मागच्या सीटवर उशी देऊन बसवलं. गाडी चालू करायच्या आधी मी आतला आरसा वळवून यांच्या चेहऱ्यावर लावला. सरांनी पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता. पण मला रस्त्यापेक्षा यांचीच काळजी. चेहरा पांढरा पडला, ओठ सुकले, तर मला कळायला नको? देवाचं नाव घेतलं आणि निघाले.

आणि काय सांगू, पोचले! साकीनाक्याचा तो सगळा गोंधळ, मेट्रोच्या खांबांमधून घुसणारे बाइकवाले, सगळं पार करून अकराच्या आत अंधेरी. हॉर्न वाजत होते, नाही असं नाही. पण लांब, शेजारच्या बिल्डिंगमध्ये भांडण चालू असावं तसे. माझ्या पाठीवर एकही आला नाही. पाय क्लचवरून हलला नाही. येतानाही तेच. गुरुवारीही तेच. मला वाटलं, आपल्यात काहीतरी बदललंय. मान ताठ झाली माझी.

पुढच्या आठवड्यात सरांना सुनावलंच. "सर, माझ्या मागे आता कोणी हॉर्न वाजवत नाही. रस्त्यालाच कळलंय, ही बाई कोण आहे ते."

"असेल," सर म्हणाले. "तुमचा दरारा." आणि पोळ्या घेऊन गेले.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून हॉर्न थोडे जवळून यायला लागले. महिन्याभराने एका ट्रकने अगदी पाठीला चिकटून भोंगा वाजवला. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण गाडी बंद पडली नाही. पाय आपोआप जागेवर राहिला. ती भीती नक्की कोणत्या दिवशी गेली, ते मला आजही सांगता येणार नाही.

सर गेल्या वर्षी गेले. क्लासच्या खुर्चीत बसल्या बसल्या, विद्यार्थ्याची वाट बघत. मी तेव्हा यांना घेऊन अंधेरीला होते, मला संध्याकाळी कळलं. दहाव्यानंतर आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. दहा बाय बाराची खोली, फोटोला हार. वहिनींनी चहा केला. बोलता बोलता म्हणाल्या, "क्लास एवढ्या वर्षांत कधी बंद ठेवला नाही हो त्यांनी. ताप असला तरी जायचे. फक्त एकदाच, महिनाभर, साडेदहाचा आणि दुपारी साडेतीनचा, दोन्ही क्लास सोडले. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. मी विचारलं तर म्हणाले, एका विद्यार्थ्याचं शिकवायचं बाकी राहिलंय."

मी मान डोलावली. माझ्या डोक्यात काही आलं नाही. यांनी मात्र कप खाली ठेवला.

परत येताना गाडीत हे माझ्या सीटला धरून पुढे वाकले. मग मागून म्हणाले, "अगं, तो विद्यार्थी म्हणजे तू."

"मी? माझे क्लास तर तेव्हा संपले होते."

"तुझा सर तुझ्या मागे असायचा. ती क्लासची गाडी घेऊन. स्वतः चालवत. पहिल्या मंगळवारपासून."

मी म्हटलं, काहीतरीच बोलू नका.

"तुला कुठून दिसणार? आतला आरसा माझ्या तोंडावर लावलेला, आणि बाजूच्या आरशांत तू बघायचीच नाहीस. मला मागच्या काचेतून सगळं दिसायचं. तुझ्या गाडीला अगदी चिकटून यायचा, मध्ये कोणाला शिरू द्यायचा नाही. तू हळू, म्हणून तो हळू. त्याच्या मागे ही रांग. बसवाले, टेम्पोवाले, सगळे त्याच्यावर हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे. तो आपला खिडकीतून हात काढून सगळ्यांना 'थांबा, थांबा' करत यायचा. दुसऱ्या आठवड्यात मग एक गाडी मध्ये येऊ द्यायला लागला. नंतर दोन, नंतर तीन. तुला कळणार नाही अशा बेताने मागे मागे जात गेला. एक दिवस बघितलं तर दिसलाच नाही."

मी विचारलं, "आणि येताना?"

"येताना मी आडवा असायचो, मला काय दिसणार? पण वहिनी म्हणाल्या ना, साडेतीनचाही क्लास सोडला होता म्हणून."

"मग सांगितलं का नाही मला? इतकी वर्षं?"

"पहिल्याच दिवशी मी त्याला हात केला. त्याने तोंडावर बोट ठेवलं," हे म्हणाले. "नंतर तू इतकी खूश असायचीस, की माझ्याने सांगवलं नाही."

मी गाडी डाव्या बाजूला घेतली आणि थांबवली. असल्फ्याच्या चढावर, अगदी चुकीच्या जागी. रडू आवरेना. करपलेल्या त्या चार पोळ्या आठवल्या आणि स्वतःची लाज वाटली. मागून कोणीतरी जोरजोरात हॉर्न वाजवायला लागलं.

पदराने डोळे पुसत मी विचारलं, "मागे कोण आहे हो?"

यांनी मान वळवून काचेतून पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"कोणी नाही गं," म्हणाले. "रिक्षा आहे एक."