इंडोलंट पाटील

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळसुद्धा नाही, आणि माझ्या बाकीच्या सगळ्या भानगडी तिला तोंडपाठ आहेत.

सत्तरच्या दशकात मी भंडाऱ्याला एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून होतो. इंग्रज साहेबांनी नागपूरच्या वरच्या साहेबांना धाडलेली पत्रं तिथं गठ्ठ्यांनी पडली होती. दुष्काळ, जंगल, तलाव, पटवाऱ्यांच्या कागाळ्या. त्या वळणदार अक्षरातलं इंग्रजी मला — खरं सांगू? — जेमतेम कळायचं. पण कबूल कोण करणार? 'इंग्रजीवाले बाबू' म्हणून कचेरीत माझा मान होता ना!

एकदा कारध्याच्या पलीकडल्या एका गावचे लक्ष्मण पाटील आले. गावचा तलाव आपल्या पणजोबांनी, गणपत पाटलांनी बांधला, असं त्यांच्या घरात सांगत.

"बाबूजी, साहेबानं आमच्या पणज्याबद्दल काय लिवलं, तेवढं वाचून सांगजा."

पत्र सापडलं. त्यात गणपत पाटलांचं नाव होतं, आणि पुढं एक शब्द — इंडोलंट. सगळे कारकून माझ्या तोंडाकडे बघत होते. 'ठाऊक नाही' म्हटलं असतं, तर जीभ झडली असती का?

"इंडोलंट म्हणजे," मी म्हणालो, "इंडियन टॅलेंट. साहेबानं जोडून लिहिलं आहे."

पाटलांचे डोळे भरून आले.

घरी जाऊन डिक्शनरी उघडली. इंडोलंट म्हणजे आळशी! दुसऱ्या दिवशी एकेक शब्द लावत सगळं पत्र वाचलं. साहेबानं वर कळवलं होतं — पाटील आळशी, दिवसभर मोहाच्या झाडाखाली झोपून असतो. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, उभारली ती धोंडू नावाच्या शेतकऱ्यानं, तेव्हा इनाम त्याला द्यावं.

पाटलांना सांगायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ — तोवर पाटीलच आमंत्रण घेऊन आले. तलावाच्या पाळीवर पाटी लागणार होती, आणि प्रमुख पाहुणा मी.

गेलो. हो, गेलो! हार घालून घेतला, भाषण ठोकलं. मग पाटलांनी पाटीवरचं फडकं ओढलं. पेंटरनं तांबड्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं — 'इंडोलंट गणपत पाटील तलाव'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नंतर पंगत बसली. वडे वाढणारा एक म्हातारा माझ्या पानाशी वाकला.

"बाबूजी, मी धोंडूचा नातू. पाळ आमच्या आज्यानं बांधली, असं माहा बाप सांगे. त्या कागदात त्याचं नाव नाही का जी?"

शेजारच्या पानावर पाटील बसले होते. माझ्या तोंडात घास होता. तो मी सावकाश चावला — मुद्दाम सावकाश — आणि गिळला.

"नाही," मी म्हणालो.

"असू द्या जी," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं माझ्या पानात आणखी दोन वडे टाकले.

मी ते खाल्ले.